फाउस्टच्या ब्राम्स सीडीवर कॉन्चेर्टोनंतर सेक्सटेट का?

गज_आणि_तार
मी सांगलीत हिंदुस्थानी व्हायोलिन शिकवते. सध्या जर्मन व्हायोलिनवादक इझाबेल फाउस्टची सीडी लावून बसते: जर्मन संगीतकार ब्राम्सचा डी मेजर व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना), संचालक डॅनियल हार्डिंग आणि माहलर चेंबर ऑर्केस्ट्रा, हार्मोनिया मुंडी कंपनी, 2011. कॉन्चेर्टोने अक्षरशः वेड लावलंय. पण मागून सहा वाद्यांचं जी मेजर सेक्सटेट (ओपस 36) सुरू होतं आणि माझं लक्ष सुटतं. मुख्य कोण आणि साथीला कोण, तेच उमगत नाही. सेक्सटेट नुसतं जागा भरायला घातलंय का? ऐकायचं तर कुठून धरू?
आणखी एक. बाकीच्या रेकॉर्डिंगांत पहिल्या भागाच्या शेवटाकडे व्हायोलिन एकटं वाजतं. इथे त्याच्याखाली टिंपनी (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे) घुमतायत. असं कसं?

मंद्रसप्तक
ताई, जागा भरायला मुळीच नाही. मी हौशी गटात व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवते, त्यामुळे या सेक्सटेटवर माझा फार जीव आहे.

षड्ज ‘जी’ (G) या स्वरावर धरा. सुरुवातीला पहिला व्हायोला सा-नी, सा-नी असा सारखा हलत राहतो. त्याच्यावर पहिलं व्हायोलिन सा-प घेतं, आणि लगेच कोमल धैवतावरून कोमल गंधारावर जातं. शुद्ध गंधाराची अपेक्षा असताना हे दोन कोमल स्वर! पहिल्यांदा ऐकताना व्हायोलिनकडे लक्षच देऊ नका, कान व्हायोलावर ठेवा. तो सा-नी पकडलात की बाकीचे पाच जण आपोआप वेगळे ऐकू येतील. दोन व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो; मुख्यपण हातोहात फिरत राहतं.

पुढे याच भागात पहिलं व्हायोलिन रे सा रे ग ध हे स्वर परत परत म्हणतं. जर्मन स्वरनावांत ते ए-जी-ए-एच-ई. ग्योटिंगेनच्या आगाथे फॉन झीबोल्डशी ब्राम्सचं लग्न ठरून मोडलं होतं, तिचं हे नाव, मधला टी सोडून. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, 1864-65 मध्ये, त्याने हे सेक्सटेट लिहिलं.

आता कॉन्चेर्टो. तो 1878 चा, पहिला प्रयोग 1 जानेवारी 1879 ला लाइपझिगला. ब्राम्सचा मित्र, व्हायोलिनवादक योआखिम व्हायोलिनवर, स्वतः ब्राम्स संचालनाला. त्याचा संथ भाग काढा. सगळी चाल ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) गातो आणि व्हायोलिन गप्प उभं असतं. एकल वादकाला असं थांबवून ठेवणारा माणूस कॉन्चेर्टोतही मैफलीतल्या चार-सहा जणांचाच विचार करतोय, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून ही जोडी पटते.

टिंपनीचं उत्तर: व्हायोलिन एकटं वाजतं ती जागा म्हणजे केडेन्झा; एरवी बहुतेक जण योआखिमने लिहिलेली वाजवतात. फाउस्टने संगीतकार बुसोनीची घेतलीय, तिच्यात टिंपनी आहेत. एकटं वाजवायच्या जागीही तिला सोबत आहे. फार आवडतं मला ते.

रविवार_सकाळ
केडेन्झेबद्दल माझं मत उलट आहे. केडेन्झा संपल्यावर ब्राम्सने मूळ चाल परत आणलीय, अगदी हळू, व्हायोलिन वरच्या सप्तकात आणि खाली ऑर्केस्ट्रा अलगद. ती जागा अंगावर येते, कारण त्याआधी ऑर्केस्ट्रा पूर्ण थांबलेला असतो. टिंपनी आधीच वाजत असतील तर ती शांतता मिळतच नाही. शिवाय योआखिमने हा कॉन्चेर्टो घडताना व्हायोलिनच्या भागाबद्दल ब्राम्सला सल्ले दिले होते. त्याच्या केडेन्झेला तो अधिकार आहे.

मंद्रसप्तक
त्या जागेबद्दल तुमचं म्हणणं पटतं. तरी फाउस्ट तिथे आवाज इतका बारीक करते की मला ती जागा इथेही मिळते. हार्डिंगही ऑर्केस्ट्रा जड होऊ देत नाही.

गज_आणि_तार
व्हायोलाचा सा-नी सापडला! पहिल्या खेपेला मधेच हरवला, मग हेडफोन लावून ऐकलं. कोमल धैवतावरून कोमल गंधारावर जाताना फाउस्ट मींड घेत नाही, स्वर सरळ ठेवते, आणि तरी तो कोरडा लागत नाही. गजाचा दाब तिने किती कमी ठेवला असेल! उद्या वर्गात मुलांना एवढाच तुकडा ऐकवणार आहे. अशी जोडी असलेली आणखी एखादी सीडी सुचवाल का?

मंद्रसप्तक
फाउस्टचीच, संगीतकार शूमानच्या रचनांची घ्या, 2015 ची. व्हायोलिन कॉन्चेर्टो फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्रा आणि संचालक पाब्लो एरास-कासादोबरोबर, आणि जोडीला तिसरं पियानो ट्रायो. पियानोवर मेल्निकोव्ह, चेलोवर केरास. यात मात्र आधी ट्रायो ऐका. तिघांतलं मुख्यपण कसं फिरतं ते लगेच कळेल, मग कॉन्चेर्टोचा संथ भाग लावा. तिथे सुरुवातीलाच चेलो काय करतात ते ऐकून इथे लिहा.