प्लॅनर, याद्या आणि चार चौकोन : तुमचं कसं चालतं?

नव्या वर्षाचा प्लॅनर फेब्रुवारीत कोरा पडतो, हे रडगाणं आपण सगळेच गातो. इथे ते नको. ज्यांचा टिकला त्यांनी लिहा : त्यात काय लिहिता आणि मुद्दाम काय लिहीत नाही?

——
मी भाषांतराची कामं करते. काम तातडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही, असे चार चौकोन आखते. ते अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावावर खपतात, पण १९५४ च्या भाषणात त्यांनी तो विचार एका माजी कॉलेज-अध्यक्षांचा म्हणून सांगितला होता. चौकोन नंतरच्यांनी आखले. माझी खरी अडचण दुसऱ्या चौकोनाची, म्हणजे महत्त्वाचं पण घाई नसलेलं. प्रबंधाचं प्रकरण, दाताचं काम, मृत्युपत्र. घाई नाही म्हणून ती तिथेच मुरतात. आता त्या चौकोनात वार आणि वेळ लिहिल्याशिवाय काहीच टाकत नाही.

——
माझ्या वहीत दोनच रकाने आहेत : अंदाज आणि प्रत्यक्ष. कालचं पान बघा. ‘अहवाल : पाऊण तास / सव्वादोन तास.’ ‘बिलं तपासणे : एक तास / वीस मिनिटं.’ नावडत्या कामाचा बाऊ होतो आणि आवडीचं काम पसरतं, निदान माझ्या बाबतीत. काहनमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी सरासरी सुमारे ३४ दिवस धरले होते, लागले ५५. हे वाचल्यापासून साहेबांना तारीख देण्याआधी मागची पानं चाळतो.

——
पोमोडोरो : २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. ईमेल उपसायला झकास. कोड लिहिताना मात्र नेमकी तंद्री लागते आणि घंटी वाजते. चीड येते.

——
घरात आजारी सासूबाई आहेत, त्यामुळे तासांची आखणी माझ्या उपयोगाची नाही. चिठ्ठीवर तीन ओळी : आज झालंच पाहिजे, दुसऱ्या कुणावर सोपवता येईल, राहू दे. दुसरी ओळ लिहायला लागल्यापासून दीर औषधं आणतात. सांगितल्याशिवाय कुणाला सुचत नाही हो!

——
ॲप सोडून वहीकडे वळले. ॲप राहिलेलं काम मुकाट पुढच्या दिवसावर ढकलतं. वहीत ते हाताने उतरवावं लागतं. पुन्हा पुन्हा उतरवायचा कंटाळा आला की समजायचं, हे आपल्याला करायचंच नाहीये. ‘जुने फोटो लावणे’ असंच खोडलं.

——
हे सगळं ठीक, पण वरिष्ठच दर तासाला प्राधान्यक्रम बदलत असतील तर?

——
यादी घेऊनच त्यांच्या टेबलाशी जा. ‘हे नवं आज करतो, यातलं कोणतं उद्यावर टाकू?’ एवढंच विचारायचं. माझे साहेब बऱ्याचदा नवंच काम उद्यावर टाकतात.