डायाब्लो ४ (व्हिडिओ गेम): सीझन, म्हणजे काही महिन्यांचा खास टप्पा, गेल्यावर नक्की काय उरतं? (२०२४, सीझन ४ चालू असतानाच्या गप्पा)

रात्रपाळीवाला: जानेवारीनंतर काल पहिल्यांदा गेम उघडला. सीझन २ मध्ये व्हॅम्पायरिक पॉवर्सवर (त्या सीझनच्या खास शक्तींवर) उभा केलेला माझा नेक्रोमॅन्सर (मेलेल्यांना उठवणारा जादूगार) इटर्नलमध्ये, म्हणजे कायमच्या जगात, आलाय, पण पॉवर्स गुल. अंगावरचं सगळं आहे, जीवच नाही! आता सीझन ४ चं टेम्परिंगही (वस्तूंना जादा गुण जोडणं) असंच जाणार असेल तर हमाली कशाला करू?

खडकफोड्या: टेम्परिंग, मास्टरवर्किंग (वस्तूंचे गुण टप्प्याटप्प्याने वाढवणं) कायमचं. इटर्नलमध्येही चालतं. आयर्न वुल्व्ह्ज या टोळीकडे कमवायचं रेप्युटेशन तेवढं सीझनपुरतं. फक्त तुझ्या जुन्या वस्तूंवर टेम्परिंग होणार नाही, त्या ‘लेगसी’ (जुन्या पद्धतीच्या) झाल्या. नवीन गोळा कर.

चहाबाज: सीझन २ मधलाच ड्युरिएल हा बॉस (मोठा राक्षस) बघ की, अजून ठाण मांडून बसलाय. पॉवर्स पाहुण्या होत्या, बॉस घरचा निघाला. सीझन १ ची मॅलिग्नंट हार्ट्सही (शक्ती देणारी हृदयं) अशीच गेली. माझा बार्बेरियन योद्धा त्यावरच जगत होता, असो.

रात्रपाळीवाला: म्हणजे चार महिने जपलेली नेक्रोची जादूची छडी भंगारात?

खडकफोड्या: हो. हेलटाइडमध्ये (राक्षसांनी भरलेल्या भागात) ये, तेही आता बदललंय आणि तसंच राहणार आहे. तासाभरात त्याहून बरी मिळेल.

रात्रपाळीवाला: बरं. शनिवारी सुट्टी आहे, नऊला येतो. नेक्रोच घेऊन येणार मात्र.