पद्मिनीला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसवलाय, चोरी टाळायला त्यावर लपवलेला स्विच कसा जोडू?

पद्मिनी_सांगली

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. रोज नाही, पण सुट्टीच्या दिवशी हमखास बाहेर काढतो. घराला आवार नाही, गाडी गल्लीतच उभी असते. इग्निशनचं कुलूप इतकं झिजलंय की कुठलीही पातळ किल्ली घालून हलवली तरी फिरतं. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतून एक मारुती ८०० रात्रीत गेली, तेव्हापासून नीट झोप नाही.

उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पेट्रोलला वाफ धरून गाडी बंद पडायची, म्हणून टाकीजवळ १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप बसवून घेतला. मूळचा एसी पंप (इंजिनच्या फिरण्यावर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप) इंजिनवर तसाच ठेवलाय. टाकी, नवा पंप, एसी पंप, कार्ब्युरेटर असा मार्ग आहे. पंपाची वायर इग्निशन कॉइलच्या (स्पार्क देणाऱ्या कॉइलच्या) प्लसवरून घेतलेली आहे. मधे डॅशबोर्डखाली एक स्विच लपवला की चोराला पेट्रोल मिळणार नाही, एवढं पुरेल ना? वायर किती जाडीची घ्यावी?

नाशिक_काँटेसा

एवढा खटाटोप कशाला, दादा? बॅटरीच्या मायनसवर फिरवून काढता येणारा कट-ऑफ लावा आणि नॉब खिशात घेऊन जा. माझ्या गाडीला तोच आहे. शॉर्ट सर्किटचीही काळजी मिटते.

वायरमन_अण्णा_कोल्हापूर

सांगलीकर, घाई करू नका. तुम्ही सांगितलेल्या जोडणीत स्विच बंद केला तरी गाडी चालू राहील. तुमचा एसी पंप जागेवर आहे. तो कॅमशाफ्टवर चालतो, त्याला विजेची गरज नाही. बाजारात मिळणारे बहुतेक छोटे इलेक्ट्रिक पंप बंद असले तरी आतून पेट्रोल जाऊ देतात. म्हणजे पुढचा एसी पंप बंद पंपातून पेट्रोल ओढत बसणार. गाडी थोडी अडखळेल, पण चोर ती मिरजेपर्यंत घेऊन जाईल. शाहूपुरीत मी आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलं, आता दुकान मुलगा बघतो. हा प्रकार आमच्याकडे पुष्कळ गाड्यांत बघितलाय. मालक निवांत असतो आणि स्विचचा उपयोग शून्य.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एसी पंप काढून त्या भोकावर झाकणपट्टी आणि गॅस्केट बसवायचं आणि सगळं काम इलेक्ट्रिक पंपावर सोडायचं. मग पंप तोडला की पेट्रोल खरोखर तुटतं. पण रस्त्यात इलेक्ट्रिक पंप जळाला तर तुमच्याकडे काही उरत नाही. एसी पंप असला तर निदान घरी पोचता येतं, शिवाय तो त्या गाडीचा मूळ भाग आहे. मी तो काढायला सांगणार नाही.

दुसरा रस्ता मला पटतो. गॅस किट बसवणाऱ्याकडे जा आणि पेट्रोलचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मागा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना सीएनजी किंवा एलपीजी बसवताना हा व्हॉल्व्ह पेट्रोलच्या लाइनीत टाकायचे, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींना सीएनजी बसवली तेव्हाही. करंट नसेल तेव्हा तो बंद असतो, करंट दिला की उघडतो. आता एसी पंप कितीही ओढू दे, पेट्रोल पुढे जात नाही. गॅसवाले तो एसी पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधे बसवतात. तुम्ही मात्र डिकीखाली, नव्या पंपाच्या पुढे बसवा. बॉनेट उघडणाऱ्याला दिसायला नको. त्याच्यावर बाणाची खूण असते, ती पेट्रोल जाण्याच्या दिशेला ठेवा. बऱ्याच व्हॉल्व्हना खाली हाताने उघडायचा स्क्रू असतो, तो पूर्ण बंद आहे ना ते बघा. आणि ई२० पेट्रोलला चालणारे नवे रबरी पाइप आणि नव्या क्लिपा घाला, जुने पाइप आता फुगतात आणि चिरतात.

आता वायरिंग. कॉइलच्या प्लसवरची ती वायर आधी काढा. जुन्या गाड्यांत त्या लाइनीवर सहसा फ्यूज नसतो. डिकीखाली वायर पत्र्यावर घासली तर थेट इग्निशनची वायर जळते, आणि बाजूला पेट्रोल आहे. टेस्ट लॅम्प घ्या, किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी लाइन शोधा आणि तिथेच लगेच ७.५ अँपिअरचा फ्यूज टाका. छोटा पंप दीड-दोन अँपिअर घेतो, व्हॉल्व्ह एक-दीड. वायर दीड स्क्वेअर एमएमची भरपूर झाली.

साधा लपवलेला स्विच मी देत नाही. माणूस रात्री दमून येतो, पाऊस असतो, हातात पिशव्या असतात, आणि स्विच बंद करायचा राहतो. त्यापेक्षा रिले (थोड्या करंटने ओढला जाणारा विजेचा स्विच) आणि पुश बटण घ्या, गाडी बंद केली की आपोआप कुलूप लागतं. रिलेच्या पायांवर नंबर असतात. फ्यूजमधून आलेली लाइन ३० नंबरच्या पायाला द्या. ८७ मधून पंप आणि व्हॉल्व्ह दोन्ही घ्या. ८५ अर्थला. ८७ पासून ८६ ला एक छोटी वायर जोडा. आणि ३० व ८६ यांच्यामध्ये दाबून सोडायचं बटण टाका. किल्ली फिरवली तरी काही होत नाही. बटण एकदा दाबलं की रिले ओढतो, मग ८७ मधूनच ८६ ला करंट मिळत राहतो आणि बटण सोडलं तरी तो धरून ठेवतो. किल्ली बंद केली की रिले सुटतो. पुन्हा बटण दाबल्याशिवाय पेट्रोल नाही.

३० नंबरला बॅटरीची थेट लाइन कधीही देऊ नका. तसं केलं तर एकदा ओढलेला रिले किल्ली काढल्यावरही सुटणार नाही, पंप रात्रभर चालेल. पाच पायांचा रिले मिळाला तर मधला ८७ए मोकळा सोडून टेप मारा. तुमचं इग्निशनचं कुलूप झिजलेलं आहे, ते आधी बदला. खड्ड्यात क्षणभर जरी कॉन्टॅक्ट सुटला तर रिलेही सुटेल, आणि पुढे कुठेतरी गाडी बंद पडेल. सेल्फ मारताना बॅटरी फार खाली जात असेल तरी तेच, बटण परत दाबावं लागतं.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. एसी पंप इंजिन थांबलं की थांबतो. इलेक्ट्रिक पंप किल्ली चालू असेपर्यंत ढकलत राहतो. अपघातात पाइप तुटला तर तो पेट्रोल रस्त्यावर ओतेल. म्हणून ३० च्या लाइनीत इनर्शिया स्विच टाका. फोर्डच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत असतो, भंगारवाल्याकडे मिळेल. जोराची धडक बसली की तो लाइन तोडतो, मग वरचं बटण दाबून परत लावायचा. हा खर्च टाळू नका.

नाशिककरांचा कट-ऑफ चांगला आहे, जरूर लावा, आग टाळायला त्याच्यासारखं काही नाही. पण बॉनेट उघडलं की पहिला तोच दिसतो, आणि पान्याने केबल परत जोडायला वेळ लागत नाही.

लेस्टरचा_मॉरिस

अण्णांचं वाचून थोडं लिहितो. माझ्याकडे इथे इंग्लंडमध्ये मॉरिस मायनर आहे. तिला मुळातच एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप आहे, इंजिनमागच्या पत्र्यावर, दुसरा पंप नाहीच. त्यामुळे नुसती त्याची पांढरी वायर तोडली तरी काम होतं. किल्ली फिरवल्यावर तो टिकटिक करतो, कार्ब्युरेटरची वाटी भरली की मंदावतो, म्हणून आवाज नाही आला तर लगेच कळतं. भारतात कोणाकडे जुनी मॉरिस असेल तर एक सांभाळा. यांतल्या पुष्कळ गाड्या प्लस-अर्थ आहेत. आत डायोड असलेला रिले घेतलात तर ८५ आणि ८६ कडे बघून जोडा, उलटं झालं तर डायोड जळतो.

पद्मिनी_सांगली

अण्णा, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. एसी पंपाची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. कुलूप उद्याच बदलतो. दोन शंका आहेत. व्हॉल्व्ह बंद असला तरी कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहतंच, मग गाडी सुरू होईल ना? आणि विम्यात काही सूट मिळते का?

वायरमन_अण्णा_कोल्हापूर

बरोबर ओळखलंत. फ्लोटच्या वाटीत आहे तेवढं पेट्रोल संपेपर्यंत गाडी सुरू होईल आणि थोडी चालेलही. मला ते चालतं, कारण जुनी गाडी खोकून बंद पडली तर चोराला ती नादुरुस्तच वाटते. तो स्विच शोधत बसत नाही, सोडून जातो. पण ती रस्त्याच्या मधे बंद पडू शकते आणि कोणी तिथून ओढूनही नेईल. म्हणून स्टिअरिंगला बाहेरून दांड्याचं कुलूप हवंच. लांबून दिसणारं ते कुलूप आणि न दिसणारं हे बटण, दोन्ही मिळून काम करतात.

काही जण कॉइलच्या मायनसवरून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी वायर लपवलेल्या स्विचने अर्थ करतात. स्पार्कच मिळत नाही, गाडी जागची हलत नाही. चालतं. पण किल्ली चालू राहिली तर कॉइलमधून सतत करंट जाऊन ती तापते, आणि तोच स्विच चालत्या गाडीत चुकून लागला तर इंजिन तत्क्षणी बंद. घाटात मला ते नको.

विम्याचं म्हणाल तर सूट पुण्याच्या एआरएआयची (गाड्या तपासणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेल्या चोरीविरोधी यंत्राला असते, तीही गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. आपल्या घरगुती जोडणीला नाही. तरी पंप आणि व्हॉल्व्ह बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या, पुढे दावा करताना तो कागद लागेल.

बटणाची जागा इथे लिहू नका, मलाही सांगू नका. ड्रायव्हरच्या सीटवर बसून न वाकता हात पोचेल अशी असावी. गाडी कुठे बंद पडली तर अंधारातही ते सापडायला हवं. घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.

सगळं जोडून झालं की गल्लीत उभ्या गाडीवर तपासा. बटण न दाबता सेल्फ मारा, इंजिन आयडलवर सोडा, मधूनमधून थोडी रेस द्या. वाटी रिकामी झाली की ते बंद पडलं पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी चालूच असेल तर व्हॉल्व्हमधून पेट्रोल झिरपतंय किंवा हाताचा स्क्रू अर्धा उघडा आहे. मग व्हॉल्व्ह काढून त्याच्या आतल्या बैठकीवरचा कचरा साफ करा. टाकीच्या गंजाचे कण तिथे अडकतात, म्हणून पंपाच्या आधी फिल्टर असू द्या.