टी व्हिसाबद्दल मदत हवी आहे (अमेरिका)

नमस्कार मंडळी. ओळखीतली एक ताई घरकामासाठी इथे अमेरिकेत आली. मालकाने पासपोर्ट काढून घेतला, पगार जवळजवळ नाहीच, बाहेर जायला बंदी. महिन्यापूर्वी ती निसटली. व्हिसाची मुदत संपलीय, त्यामुळे पोलिसांचं नाव काढलं तरी थरथरते. मालकाने मनात भरवलंय ना, की तक्रार केलीस तर तुलाच हाकलतील!

मी वाचलं ते असं: मानवी तस्करीच्या पीडितांसाठी २००० च्या कायद्याने टी व्हिसा आहे. अर्ज आय-९१४, फी नाही. मंजूर झाला तर साधारण ४ वर्षं राहता येतं, कामही करता येतं. पोलिसांचं पत्र सक्तीचं नाही. पण तपासात वाजवी सहकार्य लागतं, १८ वर्षांखालच्यांना आणि जबर मानसिक धक्का बसलेल्यांना त्यातून सूट.

अडलंय इथे: आधी पोलीस की आधी वकील? मला तर वकीलच आधी वाटतो. मोफत काम करणारे, टी व्हिसाचा अनुभव असलेले वकील कसे शोधलेत? पासपोर्ट मालकाकडेच असताना कोणी अर्ज केलाय का? तिची दोन लहान मुलं भारतात आहेत, त्यांची नावं सोबतच घालायची की नंतर?

एक एजंट 'गॅरंटी'चे पैसे मागत होता, त्याला वाटेला लावलं. तिची ओळख उघड होऊ नये, म्हणून बाकी तपशील मेसेजमध्येच सांगेन.