ओटीपी सांगितलाच नव्हता, तरी पैसे गेले

‘ओटीपी कुणाला सांगू नका, बाकी काही होत नाही’ असं बरेच जण म्हणतात. पटलं नाही. माझे सासरे नेरूळला असतात. ‘बिल थकलंय, रात्री साडेनऊला वीज तोडू’ असा व्हॉट्सॲप आला, सोबत एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट ॲप टाकायची फाइल. त्यांनी ती उघडली, ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, यांनी ‘अलाउ’ दाबलं. झालं! ओटीपी त्यांच्या तोंडून गेलाच नाही, ॲपनेच तो परस्पर पुढे पाठवला. दोन टप्प्यांत ३८ हजार गेले.

मी ठाण्याहून ओरडतेय, ‘बाबा, आधी एअरप्लेन मोड, फोनचं नेटवर्क तोडा!’ आणि त्यांचं चाललंय, ‘अगं, पण वीज कापतील ना.’ शेवटी सासूबाईंनी स्वतःच्या फोनवरून १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावला. तक्रार लगेच गेली म्हणून दुसऱ्या टप्प्यातली रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली. पहिली गेली ती गेलीच.

अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, प्ले स्टोअरबाहेरचं ॲप टाकू देण्याची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. सासऱ्यांच्या फोनमध्ये ती व्हॉट्सॲपला, क्रोमला, फाइल मॅनेजरला, सगळ्यांना दिलेली! रविवारी जाऊन एकेक बंद करून आले.