स्पोर्ट बाईकचं ऑइल घरी बदलायचं की नाही?

घाटवळण
काल 'पानाबारा' यांनी लिहिलं की केटीएम आरसी ३९०सारख्या स्पोर्ट बाईकचं ऑइल-फिल्टर घरी बदलणं म्हणजे गाडीची वाट लावणं, गुमान सर्व्हिस सेंटरला न्यावी. वाचून डोकं फिरलं.

काम काय आहे हो एवढं? इंजिन थोडं गरम करा, गाडी पॅडॉक स्टँडवर सरळ उभी करा, खालचं फेअरिंग (प्लॅस्टिकचं आवरण) काढा, ड्रेन बोल्ट सोडा. ऑइल गळेपर्यंत फिल्टर काढा, स्क्रीन, म्हणजे ऑइल गाळणारी जाळी, धुवा. वायसर नवा, ओ-रिंग नवी, तिला बोटाने ऑइल लावून बसवा. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रिंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणाऱ्या पान्याने, आवळा. मग जासो एमए२ (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणारं, असं सांगणारी खूण) लिहिलेलं १५डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल, १.७ लिटर. गाडी दोन मिनिटं चालू ठेवून बंद करा, थांबा, लेव्हल बघा. झालं.

आणि सर्व्हिस सेंटरचा अनुभव सांगू? माझ्या आधीच्या गाडीच्या फिल्टरवर मी मार्करने खूण केली होती. बिलात नवा फिल्टर लावला. घरी कव्हर खोललं तर आत तोच खुणेचा, काळाठिक्कर. पैसे मागायला गेलो तर म्हणे, "सर, वॉशिंगमध्ये पुसली गेली असेल." अहो, खूण जागेवर होती, फिल्टरच बदलला नव्हता!

पानाबारा
साहेब, तुम्ही टॉर्क रिंच वापरता. बाकीचे? माझं गॅरेज आहे, काय काय येतं ते मी बघतो. बोल्ट स्टीलचा, क्रँककेस ॲल्युमिनियमचं. "अजून थोडा, गळायला नको" करत माणूस पान्यावर लोंबकळतो आणि आटेच बोल्टाला गुंडाळून बाहेर येतात. मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवायला माझ्याकडे. स्क्रीन असते हेच निम्म्यांना माहीत नसतं. परवा एकाने कारचं उरलेलं ऑइल ओतलं होतं. बाईकचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, कारच्या ऑइलाने तो घसरतो. गाडी वर वर रेव्ह घेते, पुढे सरकत नाही. आणि मला विचारतो, "क्लच प्लेटा खराब निघाल्या का?"

कागदपत्र
वॉरंटीचं कोणीच बोलत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर खोलू नका. सर्व्हिस बुकवर शिक्का नसला की क्लेमला पहिला आक्षेप तोच.

घाटवळण
हीच भीती दाखवून आपल्याला बांधून ठेवतात. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना दंड ठोकला, त्या निकालात बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्यावरही बोट ठेवलं होतं.

कागदपत्र
कार कंपन्यांना. तुमची गाडी दुचाकी आहे. काउंटरवर निकाल वाचून दाखवणार का?

तळमजला
तुमचं वॉरंटीचं चालू द्या, आमच्या पार्किंगचं काय? आमच्याकडे एक बहाद्दर दर रविवारी हा कार्यक्रम मांडतो. खाली पुठ्ठा टाकतो, पण फिल्टरचं कव्हर काढलं की जे भसकन येतं ते पुठ्ठ्याबाहेर. माझी आई त्यावरून घसरली, मनगटाला प्लॅस्टर. आणि जुनं ऑइल? गटारात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

माणदेशी
गटारात ओतणारा येडा. जळकं ऑइल सोन्यासारखं असतं. सेंट्रिंगच्या प्लेटांना लागतं, गोठ्याच्या वाशांना वाळवीसाठी लावतो, चेनला सोडतो.

तळमजला
वा! म्हणजे गटाराऐवजी मातीत. दादा, वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ चे नियम आहेत. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे.

माणदेशी
नियम तुमच्या शहरात. आमच्या तालुक्याला गोळा करणारा कोण येतो, नाव सांगा. भंगारवाला नेतो, तो पण सेंट्रिंगवाल्यालाच विकतो. आमच्या आज्यापासून वाशांना हेच लावतोय. एसीत बसून आम्हाला शिकवू नका.

तळमजला
एसी नाही माझ्याकडे. आणि तुमच्याच विहिरीत उतरतंय ते, माझ्या नाही.

माणदेशी
विहिरीपर्यंत जाऊ नका. वाशाला फडक्याने लावतो, ओतत नाही.

घाटवळण
माणदेशी, वाशांचं तुम्ही बघा, पण स्पोर्ट बाईकच्या चेनला ते सोडू नका. त्यात धातूची भुकटी असते. सील असलेल्या चेनला ती कानशीसारखी घासते. चेन ल्यूब परवडत नसेल तर ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल फडक्याने लावा.

माणदेशी
माझी चेन टिकलीय. पण बरं, भुकटीचं पटतं. चेनला नाही सोडणार. प्लेटांना लावणारच.

पानाबारा
सगळे जळक्या ऑइलवर गेलात म्हणून मीच सांगतो. ज्या बाटलीतून नवं ओतलं तिच्यातच जुनं भरा आणि गॅरेजला आणून द्या. माझ्याकडे ड्रम आहे, गाडी दुसऱ्याने खोललेली असली तरी घेतो. तळमजला, तुमच्या त्या माणसाला पुठ्ठ्याऐवजी पसरट घमेलं घ्यायला सांगा.

तळमजला
सांगितलं. म्हणतो, पार्किंगचा मेंटेनन्स मी पण भरतो.

घाटवळण
मग नोटीस काढा, त्यात मी तुमच्या बाजूने. पण पानाबारा, माझा मुद्दा तसाच आहे. जो मॅन्युअल वाचून, योग्य हत्यारं घेऊन करतो त्याला "हात लावू नका" का म्हणायचं?

पानाबारा
बरं, तुम्हाला नाही म्हणत. टॉर्क रिंच नसलेल्याला म्हणतो, आणि तिथून एक पाऊल मागे येणार नाही. पुढच्या वेळी स्क्रीन धुण्याआधी तिचा फोटो टाका. तिच्यावर काय अडकलंय त्यावरून इंजिनाचं खरं कळतं, मी बघून सांगतो.