आठव्या आठवड्यात मशीननं पिशवी साफ करायची म्हणलेत, लई भेव वाटायलंय

रानजाई
ताईंनो मी परभणी जिल्ह्यातली. धाकटी नऊ महिन्यांची हाय, अजून अंगावर पिती, बाळंतपणानंतर पाळी आलीच नव्हती म्हणून ध्यान दिलं नाही, मळमळ सुरू झाली तवा तपासलं तर सोनोग्राफीत आठ आठवडे निघाले. आम्हा दोघांनाबी आता नको. डॉक्टर मॅडम म्हणल्या रक्त (हिमोग्लोबिन) ८.४ च हाय, गोळ्यांनी जास्त दिवस अंगावरून जातं, त्यापेक्षा मशीननं ओढून घेऊ, दहा मिनिटाचं काम हाय. सासूबाई म्हणायल्यात क्युरेटिंग केलं की पिशवी कमजोर होती अन् पुन्हा लेकरू ऱ्हात नाही. शेजारीण म्हणती मेडिकलातून गोळ्या आण अन् घरीच मोकळी हो. मालक पुण्याला कंपनीत हायत, सुट्टी भेटंना, त्यांची सही लागती का? रात्र रात्र झोप नाही मला, खरं काय ते सांगा.

सिस्टर_नांदेड
ताई, मी १४ वर्षं ऑपरेशन थिएटरात काम करते. पहिलं म्हणजे मेडिकलातून गोळ्या अजिबात आणू नका, त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली ९ आठवड्यांपर्यंत चालतात पण तुमचं रक्त आधीच कमी, घरात एकट्या असताना जास्त गेलं तर कोण बघणार. तुमच्या मॅडमनी बरोबर सांगितलंय.
सासूबाई म्हणतात ते जुनं क्युरेटिंग, लोखंडी चमच्यानं खरवडायचे ते. जागतिक आरोग्य संघटना सुद्धा ते करू नका, सक्शन करा म्हणते. सक्शनमध्ये प्लास्टिकची बारीक नळी आत घालतात आणि हातातल्या मोठ्या सिरिंजनं नाहीतर मशीननं ओढतात, गर्भपिशवीच्या तोंडाशी सुन्न करायचं इंजेक्शन देतात, ५ ते १० मिनिटं. शंभरातल्या ९८ हून जास्त बायांचं एकदाच पूर्ण होतं, क्वचित काही राहिलं तर परत ओढावं लागतं. पिशवीला छिद्र पडणं हजारात एखादीला. नीट झालेल्या सक्शननं पुढं दिवस राहायला अडचण येत नाही.
सही फक्त तुमची लागते, १८ पूर्ण असाल तर नवऱ्याची नाही, सासूची नाही. गर्भपाताचा १९७१ चा कायदा आहे, २०२१ ला सुधारला, तुमचं नाव कुणाला सांगणं सुद्धा गुन्हा आहे. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. ब्लडग्रुप निगेटिव्ह असेल तर आधी सांगा.

तेरणाकाठची
माझं दोन वर्षांपूर्वी झालं, सातव्या आठवड्यात. खरं सांगते, दुखतं. पाळीच्या कळा असतात ना त्याच्या दुप्पट, शेवटी ओढताना तर मी सिस्टरचा हात असा दाबला की तिच्या बांगड्या माझ्या तळहातात रुतल्या, पण तोवर मॅडम म्हणल्या झालं, उठा हळूच. तासाभरानं चहा बिस्किट खाल्लं, संध्याकाळी घरी. आठ दिवस थोडं थोडं अंगावरून गेलं. मी मनातून लई रडले होते आधी, नंतर मात्र हलकं वाटलं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते.

माजलगावकर
मी आशा वर्कर आहे. आमच्याकडं बाया पिशवी साफ करणं अन् पिशवी काढणं एकच समजतात, त्यात २०१९ ला ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली, तवापासून दवाखान्यात पिशवी शब्द काढला की बाया उठून पळतात. रानजाई, तुमची पिशवी जागच्या जागी राहणार, सासूबाईला एवढं समजावून सांगा. अन् घरी आल्यावर दोन तास सलग तासाला दोन पॅड भिजायले, ताप चढला, घाण वास यायला किंवा पोट असह्य दुखायलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा. अन् पुढच्या पाळीची वाट बघत बसू नका, दोन आठवड्यांतच पुन्हा दिवस राहू शकतात. तांबी (कॉपर-टी) त्याच टेबलावर बसवून घेता येते, विचारा.

रानजाई
लई उपकार झाले. मंगळवारचं ठरवलंय, जाऊबाई येणार हायत सोबत. सासूबाईला फोनवर सिस्टरचं वाचून दाखवलं, काही बोलल्या नाहीत पण मंगळवारचा डबा मी करते म्हणल्या. लेकराला दूध कधी पाजता येईल?

सिस्टर_नांदेड
सुन्न करून केलं तर झाल्या झाल्या पाजा. पूर्ण भूल देणार असतील तर नीट जाग आल्यावर, पण उपाशी किती वेळ राहायचं ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. सोबत न्या पोरीला, जाऊबाईजवळ बसेल.